अकरा खोक्यांतली नावं

साडेतीनच्या आत पुढच्या खोलीचे पडदे सरकवायचे नाहीत, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. दुसरा असा, की दारावरची घंटा वाजली तर जिन्याखाली जाऊन बसायचं आणि मी हाक मारेपर्यंत शिंकायचंसुद्धा नाही. माझ्या मुली, नऊ वर्षांची ट्रिना आणि सहा वर्षांची कारी, हे नियम इतके नीट पाळायच्या की मला कधीकधी रडू यायचं. शाळेची बस आमच्या रस्त्यावरून परत गेली की त्या अंगणातल्या झोक्यावर जायच्या, जशा काही आत्ताच वर्गातून सुटून आल्यात.

ही सन पंच्याऐंशीची गोष्ट. नॉर्थ डाकोटात तेव्हा मुलांना घरी शिकवायचं तर शिक्षकाचं सरकारी प्रमाणपत्र लागे. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं ते जिल्ह्याच्या जत्रेत मुरंब्याला मिळालेलं. आम्ही त्याच उन्हाळ्यात नॉर्डल गावाबाहेरच्या एका भाड्याच्या घरात आलो होतो. माझा नवरा डुएन तिथल्या धान्याच्या कोठारावर कामाला लागला. मुलींची नावं शाळेत घातलीच नाहीत. चर्चमध्ये कोणी विचारलं तर "दुसरीकडे शिकतात" एवढंच सांगायचो. दुसरीकडे म्हणजे स्वयंपाकघरात.

हौस म्हणून केलं नव्हतं हे. आधीच्या गावात ट्रिना दुसरीत असताना तिला अक्षरं ओळखता यायची, पण जुळवता यायची नाहीत. बाईंनी तिचं बाक वर्गाबाहेर व्हरांड्यात काढलं. वर्षाच्या शेवटी ती घरीसुद्धा बोलेनाशी झाली आणि अंथरूण ओलं करायला लागली. एका रविवारी प्रार्थनेनंतर डुएन म्हणाला, "मुली देवानं आपल्या ओटीत घातल्यात. त्यांचा जाब तो आपल्यालाच विचारणार, शाळेला नाही." मला ते पटलं. भीती मात्र गेली नाही. आमच्यासारख्यांची मुलं सरकार काढून नेतं असं कानावर यायचं. खरं किती, खोटं किती, कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

मला शिकवायला शिकवलं ते अडेलीन कुंट्झ बाईंच्या पुस्तकांनी. बाई चाळीस मैलांवर राहायच्या. एकतीस वर्षं त्यांनी माळावरच्या एकखोली शाळांत शिकवलं होतं, आणि आता निवृत्त होऊन तळघरात पुस्तकं जमवून बसल्या होत्या. बऱ्याच कंपन्या तेव्हा शाळा सोडून कुणाला पुस्तकं विकत नसत. बाई बंद पडलेल्या शाळांच्या लिलावातून, पाद्री मंडळींच्या माळ्यांवरून ती गोळा करायच्या. अक्षरांच्या आवाजावरून वाचन कसं शिकवावं, गणित घासूनपुसून पक्कं कसं करावं, बायबलमधल्या गोष्टी लहान मुलांना कशा सांगाव्यात, हट्टी मुलाशी कसं वागावं. मुरंब्यांच्या बरण्यांच्या शेजारी हे सगळं रचलेलं असे.

पण खरी मदत समासात होती. पुस्तक ज्या ज्या घरी जाई, तिथली आई काहीतरी लिहून ठेवी. "हे पान सोडा. आमच्याकडे तिघंही इथंच रडले." "अपूर्णांक पीठ मोजताना शिकवले, लगेच कळले." खाली नाव. आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पाकिटात एक कार्ड, त्यावर नेणाऱ्यांची नावं आणि तारखा. एकतीस वर्षांची सवय, बाई कार्डाशिवाय पुस्तक हाताबाहेर जाऊ देत नसत.

नोव्हेंबरात बाईंच्या गावातल्या एका कुटुंबावर खटला भरला गेला. सरकारी वकील त्या बापाला विचारत होते, पुस्तकं कुठून आली, आणखी कोण कोण आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"मार्लिस, बटाटे न्यायला ये. आजच."

बटाटे म्हणजे काय ते मला कळलं. "बाई, दुसरं कुणी नाही का? माझं तुम्हाला माहीत आहे. मी फोन वाजला तरी दचकते."

"दुसऱ्या सगळ्यांना विचारून झालं," बाई म्हणाल्या. "यादीत तू शेवटची होतीस."

मुलींना एकटं ठेवता येत नव्हतं. त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि गेले. पुस्तकांची अकरा खोकी निघाली. बाईंनी प्रत्येकावर बटाट्यांचा एक थर पसरला. शेवटचं खोकं गाडीत जाईना, ते मुलींच्या मधे ठेवलं. निघताना बाई खिडकीशी वाकून म्हणाल्या, "ही उसनी नाहीत, बरं का. दिली तुला. उद्या कुणी विचारलं तर तुझीच आहेत म्हण, ते खोटं होणार नाही."

आमचं गाव सहा मैलांवर राहिलं असताना मागून लाल दिवा फिरताना दिसला. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना गोठलेली शेतं. कुठे वळायची सोय नाही. मी गाडी कडेला घेतली.

डेप्युटी शेरीफ ऑर्विल स्टेनेरुड खाली उतरला. आमच्याच चर्चमधला. आमच्या मागे दोन बाकं सोडून बसायचा आणि खालच्या पट्टीत छान गायचा.

"मार्लिस, मागचा एक दिवा गेलाय तुझा."

"हो का? डुएनला सांगते."

तो निघालाच होता. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते, वार मंगळवार.

"आज शाळेला सुट्टी आहे का?"

"दात," असं मी म्हणाले. दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं असं सांगणार होते. तेवढ्यात मागून ट्रिना बोलली. वर्षभर परक्या माणसाशी एक शब्द न बोललेली माझी मुलगी.

"आम्ही घरी शिकतो."

ऑर्विल खाली वाकला. "कोण शिकवतं?"

"आई."

"आणि ह्या खोक्यांत काय?"

"पुस्तकं. वर बटाटे आहेत."

"बटाटे खरे आहेत," कारीनं सांगितलं.

ऑर्विलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मार्लिस," तो म्हणाला, "हे मी ऐकलंय आता. न ऐकल्यासारखं करता येत नाही मला."

"मग काय करणार तुम्ही?"

"लिहून द्यावं लागेल. पोरीवर रागावू नकोस."

तो गेला तरी मला गाडी सुरू करता येईना. दोन मैल गेल्यावर ट्रिनानं विचारलं, "आई, माझं चुकलं का?"

"नाही."

"मग तू अशी थरथरतेस का?"

"थंडी आहे," मी म्हणाले. हीटर पुऱ्या जोरात चालू होता.

डुएनला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. त्याच्या कोठाराचा मालक शाळेच्या मंडळावर होता. "खोकी शेतात नेऊन पेटवू," तो म्हणाला.

"बाईंनी आयुष्यभर जमवलेली?"

"मग काय करायचं, दारात मांडून ठेवायची?"

"निदान नावं काढू दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे लावून मी कामाला बसले. ट्रिना पाकिटातून कार्ड काढायची, नावं वाचायची, आणि कारी ते जाळण्यासाठी स्टोव्हजवळच्या डब्यात टाकायची. त्रेचाळीस घरं निघाली. काही माहितीची, बरीचशी नुसती आडनावं. रस्त्यावर प्रत्येक गाडीचा आवाज आला की आम्ही तिघी श्वास रोखून थांबायचो, आवाज पुढे गेला की पुन्हा सुरू. दुपारी केव्हातरी माझ्या लक्षात आलं, ट्रिना अडखळायची थांबली आहे. जर्मन, नॉर्वेजियन, असली अवघड आडनावं, आणि ही घडाघडा वाचते आहे. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला उचलून नाचले असते. त्या दिवशी म्हटलं, "हळू आवाजात."

मग तिनं एक कार्ड माझ्यापुढे धरलं. "आई, बर्निस स्टेनेरुड. हे त्या पोलिसकाकांचं आडनाव ना?"

बर्निस म्हणजे ऑर्विलची बायको. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

ते कार्ड मी डब्यात टाकलं नाही. ॲप्रनच्या खिशात ठेवलं. संध्याकाळी डुएननं ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.

"त्याला दाखव. कागद मागे घेईल तो. घ्यावाच लागेल."

"ही धमकी झाली, डुएन."

"देवानं हातात आणून दिलंय."

"देव असं देत नसतो."

"मग कसं देतो? मुली घेऊन गेल्यावर?"

मी कार्ड त्याच्या हातातून परत घेतलं. पुढचा सबंध दिवस ते कार्ड खिशात घेऊन मी घरात वावरले. भांडी घासताना ऑर्विलला काय म्हणायचं ते मनात जुळवायची. "तुमच्या घरातलंही एक नाव माझ्याकडे आहे." किती सहज जमलं ते वाक्य. आवाज कसा ठेवायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलं. आणि मग मला स्वतःचीच भीती वाटली. शाळेची, शेरीफची, कोर्टाची वाटली होती त्याहून जास्त.

शुक्रवारी मुलींना घेऊन मी बर्निसकडे गेले. भर सकाळी, दहा वाजता. ती चर्चच्या विक्रीसाठी लेफ्सा लाटत होती, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांचा ढीग टेबलावर होता. मी मुलींना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि काही न बोलता कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पिठाचे हात पुसले नाहीत. कार्डाकडे बघत राहिली.

"कुणाला दाखवलंस?"

"डुएनला. दुसऱ्या कुणाला नाही."

"काय हवंय तुला?"

"काही नाही. चुलीत टाक. मी टाकणार होते, पण तुला समोर दिसलेलं बरं, असं वाटलं."

ती खुर्चीवर बसली. "ऑर्विलला माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "आमची जेनेट तोतरी बोलते, तुला ठाऊक आहे. शाळेत पोरं तिची नक्कल करायची. मी तिला घरी काढली. तीन महिने. तो कामावर गेला की बसायचो आम्ही दोघी. त्याला सांगितलं होतं, तिला खोकला आहे, डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलंय."

"मग?"

"मग भ्यायले. पुस्तक परत केलं आणि तिला पुन्हा शाळेत घातली. मागच्या बाकावर बसते. कुणी काही विचारत नाही, ती काही बोलत नाही."

तिनं उठून कार्ड चुलीत टाकलं आणि ते पुरतं जळेपर्यंत झाकण उघडंच ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मार्लिस, पुन्हा येऊ नकोस. राग नाही माझा तुझ्यावर. पण येऊ नकोस."

घरी आल्यावर मी डब्यातली कार्डं स्टोव्हमध्ये जाळली, मग शाईची बाटली घेतली आणि समासातल्या नोंदींखालची नावं एकेक करून काळी केली. नोंदी तशाच ठेवल्या. डुएननं जाळण्याचा विषय पुन्हा काढला नाही. तो फक्त एवढं म्हणाला, "मी गेलो असतो तर दाखवून आलो असतो." मी म्हटलं, "म्हणून तर मी गेले."

पुढच्या मंगळवारी ते आले. ऑर्विल, आणि त्याच्याबरोबर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, हातात झडतीचा हुकूम. घंटा वाजताच मुली जिन्याखाली पळाल्या. मी दार उघडलं, कागद वाचला, आणि मुलींना हाक मारली. लपवून आता काय राखायचं होतं? त्या बाहेर आल्या आणि माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

अधिकारी उद्धट नव्हते. एकेक पुस्तक उघडून बघत होते. "ही शाईनं खोडलेली नावं कुणाची, मिसेस ब्रेकी?"

"ते मी सांगणार नाही."

"ही पुस्तकं कुणाची?"

"माझी आहेत. मला दिलेली आहेत."

"कुणी?"

मी नकारार्थी मान हलवली. कारीनं माझा झगा धरून ठेवला, मला सावरायला की स्वतःला, कोण जाणे.

ऑर्विल टेबलाशी बसून यादी करत होता. नाव लिहायचं, पुस्तक चाळायचं, खोक्यात ठेवायचं. एका पुस्तकाशी त्याचा हात थांबला. मी उभी होते तिथून पान दिसत होतं. हिरव्या पेन्सिलीनं लिहिलेली नोंद होती: "मूल अडखळलं तर वाक्य आपण पुरं करू नये. थांबावं. घाई आपल्याला असते, त्याला नसते." खाली नाव नव्हतं, म्हणून मी ती नोंद तशीच सोडली होती. अक्षराचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

तेवढ्या ओळी वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ तो वाचत राहिला. त्याची मान लाल झाली. मग त्यानं पुस्तक मिटलं, खोक्यात ठेवलं, यादीत लिहिलं. जाताना खोकी त्यानंच उचलून नेली, एकेक करून, माझ्याकडे एकदाही न बघता.

आमचा खटला जानेवारीत उभा राहिला. मधल्या दिवसांत मी काय खाल्लं, काय रांधलं, आठवत नाही. मुलींच्या एका पेटीत लोकरीचे कपडे भरून ठेवले होते, नेलंच तर निदान थंडीत कुडकुडू नयेत म्हणून. डुएननं ती पेटी पाहिली आणि कोठीत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

कोर्टात फार माणसं नव्हती. सरकारी वकील तरुण होते, आवाज खणखणीत. त्यांना आमच्यापेक्षा त्या खोडलेल्या नावांत जास्त रस होता. ऑर्विल साक्षीला उभा राहिला. शपथ झाली. कुठे थांबवलं, मुलगी काय म्हणाली, किती खोकी, सगळं त्यानं सरळ सांगितलं.

"ह्या पुस्तकांवरून आणखी कोणती कुटुंबं गुंतलेली आहेत ह्याचा काही माग लागला का?"

"नावं खोडलेली होती."

"दुसरं काही?"

ऑर्विलनं दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला. वकील कागदांकडे वळले होते, ते पुन्हा त्याच्याकडे वळले.

"डेप्युटी, मी विचारलं, दुसरं काही?"

"एका पुस्तकात," ऑर्विल म्हणाला, "माझ्या बायकोचं अक्षर आहे."

भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळ्या तेवढ्या ठोके देत होत्या. वकिलांनी घसा साफ केला. "तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारलं. खरं आहे म्हणाली. आमच्या मुलीसाठी. मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं."

त्यानंतर नावांचा विषय कोर्टात निघाला नाही. दुसऱ्या कुणाला ओढायचं तर सुरुवात डेप्युटीच्या घरापासून करावी लागली असती, आणि ते कुणालाच नको होतं. बाकीची बेचाळीस घरं त्या दिवशी वाचली. त्यांतल्या कितीजणांना हे कळलं, देव जाणे.

आम्हाला दोषी ठरवलं. कायदा स्पष्ट आहे, न्यायाधीश म्हणाले, तो शहाणपणाचा आहे की नाही हा माझा प्रश्न नाही. दंड झाला. महिन्याभरात मुलींना शाळेत घालायचं, नाहीतर प्रमाणपत्र असलेला शिक्षक घरी ठेवायचा. मुली आमच्याकडेच राहिल्या. पुस्तकं परत मिळाली, कारण पुस्तकं बाळगणं गुन्हा नव्हता.

मी अडेलीन बाईंना फोन केला, रडतच. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय. नवं करायला सहा आठवडे कॉलेजात जाऊन बसावं लागेल. तुमच्याकडे मागची खोली रिकामी आहे ना?"

सहासष्टाव्या वर्षी त्या विशीतल्या पोरांबरोबर वर्गात बसल्या. ते सहा आठवडे ट्रिना आणि कारी गावच्या शाळेत गेल्या. रोज सकाळी बस येताना ट्रिनाच्या पोटात दुखायचं, आणि रोज ती तरीही चढायची. एप्रिलात बाई दोन सूटकेस आणि एक शिवणयंत्र घेऊन आल्या आणि सरकारदप्तरी माझ्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. शिकवायची मीच. त्या शेजारी बसून विणायच्या आणि मी चुकले की सुई थांबवायच्या.

डुएनची नोकरी टिकली, पण पुढे बढती मिळाली नाही. ऑर्विलला रस्त्यावरून काढून कचेरीतल्या टेबलावर बसवलं. तो आणि बर्निस दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागले. बर्निस मला दुकानात दिसली की दुसऱ्या रांगेत वळायची. एकदा मात्र जेनेट तिच्याबरोबर होती. ती माझ्यासमोर थांबून काहीतरी सांगायला लागली. पहिला शब्द निघायला वेळ लागला. बर्निस तिच्यामागे उभी राहिली, हातात पिठाची पिशवी घेऊन, आणि थांबली. मीही थांबले. "न-नमस्कार, मिसेस ब्रेकी," एवढंच तिला म्हणायचं होतं. ते पुरं झाल्यावर त्या दोघी निघून गेल्या.

कायदा चार वर्षांनी बदलला. डुएन वर्तमानपत्र घेऊन दुपारीच घरी आला. आता साध्या आईबापांनाही घरी शिकवता येणार होतं. अटी होत्या, पण त्या आमच्या आवाक्यातल्या. ट्रिनानं ती बातमी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंना तोवर फारसं दिसत नव्हतं.

"झालं," डुएन मला म्हणाला. "आता भ्यायचं कारण नाही तुला."

"नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेर खडीवर चाकं वाजली. कुणीतरी आमच्या अंगणात गाडी वळवत होतं. रस्ता चुकलेला माणूस होता, आला तसा परत गेला. मी हातातली किसणी खाली ठेवली, खोलीभर नजर फिरवली आणि मुली मोजल्या. दोघी होत्या.